धागा काढून बघणारे आप्पा

मला नाही म्हणता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे सावंतवाडीकडचा माणूस बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडला कसा पोचला याचं वेगळं कारण द्यायला नको. नववीत मास्तर म्हणाले, "तू शाळा सोडलेली बरी." मी म्हटलं, "बरं." पुण्यात मामेभावानं पार्सलं वाटायच्या कामावर लावलं, तिथंही मी बरं म्हटलं. मग एक दिवस साहेबांनी विचारलं, "मराठवाड्यात नवी लाइन सुरू होतेय, कोण जातो?" सगळी पोरं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. माझे बूट बघण्यासारखे उरले नव्हते, म्हणून मी वर बघितलं. झालं.

पुण्यात मला माणसं फारशी भेटली नाहीत, दारं भेटली. घंटी वाजवली की दार वीतभर उघडायचं, एक हात बाहेर यायचा, सही करून खोकं आत ओढून घ्यायचा आणि दार बंद. आत काय आहे हे मला माहीत नसायचं, आणि पुष्कळदा त्या हातालाही आठवत नसायचं. "हे काय मागवलं होतं बरं मी?" असं आतून ऐकू यायचं. मी बंद दाराला थँक यू म्हणून पुढच्या मजल्यावर जायचो. एकदा लिफ्टचेही आभार मानल्याचं आठवतं. शहरातलं गिऱ्हाईक एकटं असतं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या अंगठ्यानं खरेदी करतं आणि सकाळी विसरून जातं.

दिंद्रुडला दार वीतभर उघडायचा प्रश्नच नव्हता, कारण दार लावलेलंच नसायचं. बाजार खुला झाला त्याला तेव्हा पंचवीसेक वर्षं होऊन गेली होती, असं शिकलेले लोक म्हणत. त्यातल्या शाम्पूच्या पुड्या आणि डिशच्या छत्र्या माझ्याआधीच गावात पोचल्या होत्या. राहिलेला बाजार माझ्या मोटरसायकलला बांधलेल्या पिशवीतून येत होता. रोज सकाळी माजलगावच्या एजन्सीतून पिशवी भरायची आणि दिंद्रुड व आसपासच्या वस्त्यांवर वाटायची, असं काम. पहिल्या दिवशी पिशवीतल्या खोक्यांवरचे पत्ते वाचले आणि घाम फुटला. घर नंबर नाही, गल्ली नाही. सगळ्यांवर एकच ओळ: आप्पाच्या दुकानाजवळ, दिंद्रुड.

आप्पांना जाऊन आता काही वर्षं झाली. गावात त्यांना सगळे आप्पाच म्हणत, म्हणून मीही तेवढंच लिहितो. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं, वर माडीवर घर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोक्यावर केस नाहीत, चष्मा कायम त्या पट्ट्यांच्या वर ढकललेला, आणि गळ्यात दोरीनं अडकवलेली कात्री. दुकानात खुर्ची नव्हती. पांढरी चादर घातलेली लांबरुंद गादी होती. गिऱ्हाईक आलं की आधी चपला काढून गादीवर बसायचं, मग पाणी, मग चहा, मग घरची ख्यालीखुशाली, आणि मग कापडाचा विषय. उभ्या माणसाला त्यांनी आयुष्यात कधी रुमालसुद्धा विकला नसावा.

कोणी भेटला की लोक हात मिळवतात. आप्पा बाही धरायचे. अंगठा आणि बोटात बाहीचं कापड चुरगाळून बघायचे आणि मगच नाव विचारायचे. माझी बाही धरून ते पहिलं वाक्य बोलले, "टेरीकॉट. पयल्याच धुण्यात आटलंय. कुठलं गाव तुमचं?" निवडणुकीत एक पुढारी मतं मागायला दुकानात आले, बरोबर पंचवीस-तीस माणसं. आप्पांनी त्यांचीही बाही धरली, डोळे मिटून चोळली आणि म्हणाले, "मत देतो. पण ही खादी न्हाई." पुढारी हसले. बरोबरची माणसं हसावं की नाही याचा अंदाज घेत राहिली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तालुक्यात झाली होती, आणि पुढाऱ्यांनी पुढच्या सभेला दुसरा सदरा घातला होता.

मला राहायला जागा नव्हती. आप्पांनी दुकानामागची, जुने गठ्ठे ठेवायची खोली रिकामी करून दिली. मी इतक्या वेळा आभार मानले की ते वैतागले. "पाव्हणं, खोली दिली, किडनी न्हाई दिली." तेवढ्यात त्यांचं नाक हललं. माझ्या बॅगेत आईनं बांधून दिलेली सुकट होती. घर लिंगायताचं, कांद्यालाही श्रावणात बंदी. मी घाबरून म्हणालो, "टाकून येतो आत्ताच्या आत्ता." आप्पा म्हणाले, "आईनं दिलेलं टाकतेत व्हय?" मग त्यांनी स्वतः नाकाला उपरणं लावून ती पुडी दोन पिशव्यांत गुंडाळली आणि बसस्टँडजवळच्या खानावळवाल्याकडे ठेवायची सोय केली. दर रविवारी मी तिथं जाऊन आईची सुकट खायचो. परत आलो की आप्पा दुरूनच विचारायचे, "जेवलास का" नव्हे, "जेवलात का?" वयानं मी त्यांच्या नातवाच्या जवळपास होतो, तरी मला तुम्हीच. पाव्हण्याला तू म्हणत नाहीत, असा त्यांचा कायदा. मला त्या तुम्हीचा संकोच व्हायचा आणि जरा वाईटही वाटायचं. तुम्ही म्हणतात त्याला एक दिवस जावं लागतं.

सगळे पत्ते दुकानाजवळचे, मग पार्सलंही दुकानातच वाटायची असं आपोआप ठरलं. म्हणजे आप्पांनी ठरवलं आणि मी बरं म्हटलं. मी आलो की ते पिशवी गादीवर ओतायचे, चष्मा खाली घेऊन एकेक नाव मोठ्यानं वाचायचे, आणि समोरच्या हॉटेलातलं कोणीतरी जाऊन त्या त्या माणसाला बोलावून आणायचं. ज्याचं पार्सल तो एकटा यायचा नाही. भाऊ, मेहुणा, शेजारी आणि सहज आलेली दोन माणसं, असा लवाजमा असायचा. सगळे गादीवर बसायचे. पाणी. चहा. मग आप्पा गळ्यातल्या कात्रीनं खोकं उघडायचे.

खरं तर पैसे घेतल्याशिवाय उघडू द्यायचं नाही, असा एजन्सीचा नियम होता. मी तो एकदा सांगितला. आप्पांनी माझ्याकडे कीव येऊन बघितलं. "बघितल्याबिगर घेतलं त्याला खरेदी न्हाई म्हणत, पाव्हणं. त्याला लगीन म्हणतेत." सगळी गादी हसली. मीही हसलो. हसल्यावर नियम परत सांगता येत नाही.

भाव करायची गंमत वेगळीच. एक म्हातारे शेतकरी पंपाची पिन मागवून बसले होते. मला म्हणाले, "मोबाइलवर दावली तवा ती किंमत होती. आता तुमी समोर बसलाय, जरा खाली या." मी म्हटलं, "आजोबा, किंमत माझ्या हातात नाही." ते म्हणाले, "दुकानाचं भाडं न्हाई, गादी न्हाई, चहा बी आप्पाच पाजतोय. मग कमी कावून न्हाई?" शेवटी फरकाचे सुटे मी माझ्या खिशातून घातले, आणि वर त्यांचेच आभार मानले.

पण खरी अडचण कापडाची होती. खोक्यातून कापड निघालं की सगळी गादी पुढे झुकायची. आप्पा ते उजेडात धरायचे, उलटं करायचे, काठाच्या आतून नखानं एक धागा ओढून काढायचे. मग काडेपेटी. धागा जाळून त्याचा वास घ्यायचे, राख बोटावर चोळायचे. राख भुरभुरली तर सूत, केस जळाल्याचा वास आला तर रेशीम, आणि टोकाला काळा मणी झाला तर आप्पा नुसतं म्हणायचे, "मणी." या एका शब्दावर पार्सल परत माझ्या पिशवीत यायचं. गावानं आप्पांच्या बोटावर दोन पिढ्या कपडे घातले होते. ते बोट मणी म्हणाल्यावर मोबाइलमधल्या नटीचं कोण ऐकणार?

दुपारी गिऱ्हाईक नसलं की खोक्यातून निघालेलं ते फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक घेऊन आप्पा बसत. एकेक फुगा फोडायचा आणि एकेकदा शिवाचं नाव घ्यायचं. जपाच्या माळेपेक्षा हे बरं, म्हणायचे, कुठवर आलो ते दिसतं. आपल्या धंद्याच्या मुळावर उठलेल्या बाजाराचं त्यांना वैषम्य नव्हतं. वैषम्य असलंच तर तो बाजार चहा पाजत नाही याचं.

एकदा तर बस्ताच आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. दोन्हीकडची माणसं मिळून दुकानात येतात, दिवसभर बसतात, मानापानाचं एकेक कापड निवडतात, आणि जेवण दुकानदाराकडे असतं. एका लग्नघरातल्या नोकरीवाल्या पोरानं नवरीचा शालू मोबाइलवरून मागवला होता. शालू एक, पार्सल एक, पण घ्यायला टेम्पो भरून माणसं आली, वरमाईसकट. मला वाटलं, आप्पा चिडतील. बस्ता दुसऱ्याकडे बांधलेला आणि माणसं यांच्या गादीवर. आप्पांनी माडीकडे तोंड करून हाक दिली, "सूनबाई, वीस-बावीस पानं हायेत." मला हळूच म्हणाले, "बस्त्याला आलेलं माणूस उपाशी जात न्हाई. बस्ता कुणाचा बी असू द्या."

पिठलं-भाकरी झाली आणि शालू उघडला. दिसायला डोळे दिपतील असा. वरमाई खूश. आप्पांनी धागा काढला, जाळला आणि पुढे धरला. भला मोठा मणी. "रेशीम म्हणून लिवलंय," आप्पा म्हणाले, "पर हे बादलीच्या भावकीतलं हाय." शालू पिशवीत आला. वरमाई म्हणाली, "मग तुमच्याकडलाच दावा की आप्पा." आप्पांनी हात जोडले. "माझ्याकडं घेऊ नका. उद्या लोक म्हणतील, आप्पानं दुसऱ्याच्या मालाला नावं ठिवून आपला खपवला. माजलगावात बघा." तेवढी माणसं जेवून टेम्पोत बसून माजलगावला गेली. मी आयुष्यात इतका तोट्यातला प्रामाणिकपणा बघितला नाही, आणि त्या तोट्यात माझाही वाटा होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

एजन्सीचे शेठ माजलगावात बसायचे. त्यांनी तो शालू टेबलावर पसरला. "बे, ह्यो धागा कोण काढतंय?"

मी म्हटलं, "निघाला असेल, शेठ."

"दरयेळी काठाच्या आतूनच निघतोय व्हय? अन् हे काळं काय हाय? जाळतेत का काय तिथं?" त्यांनी मागच्या परत आलेल्या कापडांचा गठ्ठा पुढे ढकलला. धागा ओढलेला माल कंपनी परत घेत नव्हती, सगळा शेठच्या अंगावर पडत होता. "नेकनूरची लाइन असल्याच भानगडीनं बंद केली म्या. ह्यो महिना बघतो. न्हाई सुधरलं तर दिंद्रुड बंद. तू आपला कोकणात जा, मासं खा."

मी म्हटलं, "बरं, शेठ. उपकार झाले."

बाहेर येऊन मोटरसायकल सुरू केली. घरी जायचं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. नववी नापास होऊन घरी बसलो होतो तेव्हा आई शेजाऱ्यांना सांगायची, याला सुट्टी आहे. ती सुट्टी दीड वर्ष चालली. आता मी दर महिन्याला काहीतरी पाठवत होतो आणि ती बाजारात माझं नाव घेत होती. एका मण्यापायी परत सुट्टीवर जायची माझी तयारी नव्हती.

उपाय साधा होता. आप्पांना सांगायचं, धागा काढू नका. एवढं एक वाक्य. मी ते रस्त्यात मोटरसायकल थांबवून आरशात बघत म्हणून बघितलं. आरशातला माणूसच पटल्यासारखा दिसेना. दुपारी आप्पा फुगे फोडत बसले होते. मी समोर जाऊन बसलो. म्हटलं, "आप्पा, एक बोलायचं होतं." त्यांनी फुगा फोडला, शिवाचं नाव घेतलं आणि वर बघितलं. "बोला." मी म्हटलं, "खोली फार छान आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि माडीवरून येणाऱ्या भाकरीचं कौतुक केलं. तिसऱ्या खेपेला आप्पांनीच विचारलं, "पाव्हणं, तब्बेत बरी हाय नव्हं? लई गोड बोलायलाव." दरम्यान आणखी दोन मणी निघाले.

अशात एक दिवस फोन आला. आप्पांच्या सूनबाईंचा. त्यांचे यजमान लातूरला एका खताच्या कंपनीत, शनिवारी यायचे. सासूबाई वारलेल्या. माडीवरचं सगळं सूनबाईच बघायच्या. मला भाकरी पाठवायच्या त्या त्याच. दुकानात त्या कधी उतरलेल्या मी बघितल्या नव्हत्या. चहाचं ताटसुद्धा जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून कडी वाजवायच्या.

"भाऊ, माझं एक कापडाचं पार्सल येणार हाय. दुकानात नका उघडू."

"मग कुठं आणू?"

"ते तुमी बघा."

मी बरं म्हटलं. विचार फोन ठेवल्यावर केला. माडीचा जिना दुकानातून, गादीच्या कडेनं वर जात होता. दुसरा रस्ता पत्र्यावरून होता, मांजरांसाठी. शिवाय पिशवी आप्पा स्वतः ओततात आणि नावं मोठ्यानं वाचतात. आणि हे सासर कापडदुकानाचं. कापडदुकानाच्या सुनेनं कापड मोबाइलवरून मागवलं, हे गावाला कळलं तर आप्पांची काय शोभा, आणि मला खोलीत कोण ठेवणार? नोकरी आधीच लोंबकळत होती. आता अंथरूणही.

पार्सल आलं. मी ते पिशवीतून काढून शर्टाच्या आत घातलं, वरून जर्किन, आणि श्वास कोंडून दुकानात शिरलो. बेत असा, की आप्पा पिशवीत गुंतले की जिन्याची पायरी चढायची, पार्सल ठेवायचं, उतरायचं. तिसऱ्या पायरीवर असताना मागून आवाज आला.

"पाव्हणं."

"हां, आप्पा."

"पोट चौकोनी झालंय तुमचं."

मी वळलो. गादीवर कोणी नव्हतं, तेवढं एक नशीब. आप्पांनी हात पुढे केला. मी पार्सल काढून दिलं. नाही म्हणता येत नाही, ते इथंही आलंच. त्यांनी चष्मा खाली घेतला, नाव वाचलं. मोठ्यानं नाही. मग उठले आणि दुकानाचं अर्धं शटर ओढलं. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

"बोलवा," ते म्हणाले.

"कोणाला?"

"गिऱ्हाईकाला."

मी वर गेलो, सूनबाईंना काय सांगितलं ते आठवत नाही. बहुतेक माफी मागितली. त्या डोक्यावरचा पदर नीट करून खाली आल्या आणि गादीच्या कडेला उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला, पण मागे काही सरल्या नाहीत.

"बसा," आप्पा म्हणाले.

सूनबाईंनी इकडे-तिकडे बघितलं. हे तुम्ही म्हणणं कोणाला, ते त्यांना कळेना.

"गिऱ्हाईक हुभं राहत न्हाई माझ्या दुकानात. बसा." मग माझ्याकडे वळून, "हॉटेलातनं तीन चहा सांगा."

चहा आला. सूनबाईंनी घोट घेतला की नाही, मला शंका आहे. मग आप्पांनी कात्री गळ्यातून काढून त्यांच्यापुढे ठेवली. सूनबाईंनीच खोकं उघडलं. आत साडी निघाली. हिरवट निळी, बारीक बुट्ट्यांची. मी आप्पांकडे बघत होतो. त्यांनी ती हातात घेतली नाही, नुसती लांबून बघितली, आणि त्यांचं उजव्या हाताचं बोट आपोआप अंगठ्यावर घासायला लागलं. मणी होता तो, धागा न काढता कळण्यासारखा. मलासुद्धा कळला.

"आपल्याकडं न्हाई का हा रंग?" त्यांनी विचारलं.

"हाय की. तिसऱ्या फळीवर हाय. याच्याहून चांगल्या हायेत."

"मग?"

सूनबाई साडीची घडी सरळ करत राहिल्या. "त्या तुमी देता, आप्पा. सणाला वर धाडता. ही मी घेतली."

आप्पांनी चष्मा वर ढकलला, परत खाली घेतला. मग कामाच्या माणसासारखं म्हणाले, "बरं. धागा काढून बघू का?"

"काढा," सूनबाई म्हणाल्या. "अन् या भाऊला कोकणात लावून द्या."

"म्हंजी?"

"तुमच्या धाग्यापायी त्यांची नोकरी चाललीय. ह्या महिन्यात लाइन बंद करणार हायेत. रोज शेठचा फोन येतो, भिंतीतनं वर ऐकू येतंय सगळं. तुमाला सांगायला तीनदा आले अन् भाकरीचं कौतुक करून गेले. माझ्या भाकरीत तेवढं काही न्हाई."

आप्पा माझ्याकडे वळले. "खरं हाय का?"

"नाही, म्हणजे तसं काही नाही, आप्पा. तुमचे फार उपकार आहेत. शेठसुद्धा माणूस चांगला आहे. कोकणात आता हवा छान असते..."

"तू गप बस," आप्पा म्हणाले.

इतका भेदरलेलो होतो तरी तो तू माझ्या कानाला गोड वाटला, हे कबूल करतो. काडेपेटी गादीवरच होती. आप्पांनी ती उचलली, फळीवर ठेवली, आणि सूनबाईंना म्हणाले, "घ्या तुमची साडी. पसंत पडल्याशी मतलब." सूनबाईंनी पैसे माझ्या हातात दिले आणि वर गेल्या. शटर उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून गादीवर वेगळाच तमाशा. लोक यायचे, खोकं उघडायचं, कापड आप्पांच्या पुढे सरकायचं आणि सगळे वाट बघायचे. आप्पा दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचे. "मला काय इचारता? तुमी मागवलंय, तुमी बघा." लोक गोंधळले. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "आप्पाचं डोळं गेलं का बे?" कोणी दुप्पट पारखायला लागले, कोणी घेऊन गेले. आप्पांच्या मांडीखालचे हात मात्र वळवळायचे. माडीकडे बघून मला हळूच विचारायचे, "नेसली का रे तिनं?" मी म्हणायचो, मला काय माहीत. "धुवायला टाकू नको म्हणावं एकदम. रंग जाणार हाय तिचा." मग स्वतःच, "न्हाई, सांगू नको. तिची ती बघंल." दोन दिवस त्या माणसानं एका साडीपायी जेवण नीट घेतलं नाही.

आणि महिना संपायला आला तेव्हा जिन्याची कडी वाजली. सूनबाई वरच्या पायरीवर नव्हत्या, खाली आल्या होत्या. हातात तेच खोकं, नीट चिकटवलेलं.

"भाऊ, ही परत द्यायची हाय. मोबाइलवर सांगितलंय तसं. उजेडात बघितली, रंग पसंत न्हाई."

पैसे भरलेली वस्तू परत द्यायची सोय होतीच. फोनवर कळवायचं आणि मीच येऊन घेऊन जायची. शहरात लोक सर्रास करायचे, दिंद्रुडला आजवर कोणी केलं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढे शेठ उभे राहिले. मी आप्पांना गाठलं. "आप्पा, एवढी एक त्यांना ठेवून घ्यायला सांगा ना. महिना संपतोय. आता परत गेली तर माझं..."

आप्पांनी मान हलवली. "मी न्हाई सांगणार. तिनं घेतली, तिला पसंत न्हाई. तुला हिंमत असंल तर तू सांग."

मी दोन पायऱ्या चढलो आणि उतरलो. खोकं घेऊन माजलगावला गेलो. रस्ताभर आईच्या तोंडचं ते 'याला सुट्टी आहे' ऐकू येत होतं. शेठनं खोकं उघडलं, साडी काढली, काठ उलटून बघितला. दुसरा काठ बघितला. नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"दिंद्रुडची हाय ही?"

"हो, शेठ. चूक झाली."

"चूक कसली? पयल्यांदा सरळ परत आलंय काहीतरी तिथनं. असं परत आलं तर येऊ दे बे. हे कंपनी घेती. धागा काढलेलं, जाळलेलं आणू नको, बाकी मर्जी." त्यांनी खोकं परतीच्या ढिगावर टाकलं. "चालू ठीव लाइन."

आभार मानायचे सुचले नाहीत. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच.

परत आलो तेव्हा आप्पा गादीवर एकटे होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. लाइन चालू, मी राहतोय, शेठ खूश. त्यांनी ऐकून घेतलं, मला बसायला सांगितलं. मग विचारलं, "कारण काय म्हणून दिलं तिनं?"

"रंग पसंत नाही. एवढंच."

"एवढंच? अन् त्यांनी घेतली परत?"

"घेतली, आप्पा. काही विचारत नाहीत."

आप्पा फळ्यांकडे बघत बसले. दर दिवाळीला, दर पंचमीला स्वतः उजेडात धरून, धागा काढून, पारखून त्यांनी इथूनच एकेक साडी माडीवर पाठवली होती.

"इतक्या वर्सांत एक बी खाली आली न्हाई," ते म्हणाले. "मला वाटायचं, माझी पारख."